निळी गाडी, लाल पाटी आणि इतर मिळकत यांची व्यवस्था

मी, सहदेव महिपत तांबे, वय वर्षे ६८, वीजघरातून निवृत्त, राहणार कुवारबाव, तालुका व जिल्हा रत्नागिरी, लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण ठीक आहे, रक्तदाब तेवढा वर आहे. डॉ. स्वरूप साळवी यांनी मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना त्यांनी "सहदेवराव, नक्की काय होतंय?" असे विचारले. "गाडी घेतली आहे," असे मी सांगितले. त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करीत असून माझ्यावर कोणाही माणसाचा दबाव नाही. दबाव आहे तो गाडीचा, आणि कायदा त्याला दबाव म्हणत नाही, असे वकील वेदिका सुर्वे यांचे मत आहे.

हे करण्याचे कारण असे. माझी पत्नी सौ. प्रेमला आणि मी, आम्हा दोघांचे मोटारीने रत्नागिरीहून नागपूर, सांची, सारनाथ आणि बोधगया येथे जाऊन परत येण्याचे ठरले आहे. गाडी प्रेमला चालवणार. मी शेजारी बसणार. एवढ्या लांब निघताना माणसाने खाऊचे डबे, औषधे आणि मृत्युपत्र तयार ठेवावे. पहिली दोन कामे प्रेमलाने दिवाळीतच उरकली. तिसरे माझ्याकडे होते, ते आज जानेवारीत होत आहे. आधीचे दोन मसुदे मी दुरुस्तीसाठी परत नेले होते. "काका, आता तिसरा मसुदा शेवटचा," असे वेदिकाताईंनी मला हसत, पण दार अडवून सांगितले.

कलम १. माझी ओळख. माझे वडील मुंबईला गोदीत होते. छप्पन साली त्यांना धम्मदीक्षेसाठी नागपूरला जायचे होते, पण रजा मिळाली नाही. दीक्षा त्यांनी पुढे मुंबईत घेतली. नागपूर राहिले ते राहिलेच. त्यामुळे आमच्या घरात नागपूर हे गाव नसून राहून गेलेले काम आहे. गंमत अशी की आमच्या दारावरून जाणारा रस्ता मिऱ्या बंदरावर सुरू होतो आणि थेट नागपूरला जातो. रोज सकाळी मी त्या रस्त्यावर दूध आणायला जातो आणि डावीकडून परत येतो.

माझी सगळी नोकरी पोफळीला, वीजघराच्या नियंत्रण कक्षात झाली. काम काटे बघण्याचे. काटा हलला तर घाबरायचे आणि बराच वेळ हलला नाही तर जास्त घाबरायचे, याचा मला पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, घाबरणे चालू राहिले.

तिथली एक रीत इथे लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढचा घोटाळा तिच्यातूनच झाला. यंत्र उघडून माणसे आत कामाला उतरली, की त्याच्या कळीवर लाल पाटी अडकवायची: "माणसे कामावर आहेत. यंत्र सुरू करू नये." खाली लावणाऱ्याचे नाव. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी, मग तो कितीही मोठा साहेब असो, हात लावायचा नाही. आमचा एक सहकारी पाटी लावलेली असताना तापाने आडवा झाला, तेव्हा जीप पाठवून त्याला घोंगडीत गुंडाळून आणला. त्याने पाटी काढली आणि परत जाऊन झोपला. कोणी तक्रार केली नाही. ही रीत वसाहतीतल्या बायकामुलांनाही पाठ असे. आमच्या तेजलने लहानपणी अभ्यासाच्या टेबलावर अशी पाटी लावली होती आणि प्रेमलाने परीक्षेपर्यंत तिथली धूळ पुसली नाही.

कलम २. घर. कुवारबाव येथील जांभ्या दगडाचे कौलारू घर, परसातील हापूसची कलमे, विहीर व पंप ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्या पश्चात प्रेमला हिला मालकी हक्काने मिळावी, आणि तिच्या पश्चात मुलगी तेजल हिला. उत्तरेकडच्या कलमाला यंदा मोहोर चांगला आहे. आम्ही वेळेत परतलो नाही तर फवारणी कोणी करायची, हा प्रश्न मी प्रेमलाला विचारला. "आंबा आपला आपण येतो, तुमच्यावाचून तो काय आडलेला नाय," असे उत्तर मिळाले. तरी तेजलने लक्ष ठेवावे.

कलम ३. बँकेतील ठेवी व निवृत्तिवेतन. सर्व प्रेमला हिला. कागद गोदरेजच्या कपाटात आहेत. कपाटाचे दार वर उचलून ओढावे, नाही तर अर्ध्यावर अडते.

कलम ४. हत्यारे. पान्यांचा संच, टेस्टर, मोठी विजेरी आणि लाकडी मुठीचा हातोडा हे पुतण्या महेंद्र यास द्यावे. खरे तर महेंद्रवर माझा राग आहे. मागच्या गणपतीत तो मुंबईहून आला आणि "काकी, ही बघा," म्हणत त्याने प्रेमलाच्या हातात मोबाईल दिला. मोबाईलवर ती निळी गाडी होती. त्याने दुसरे काहीही दाखवले असते तर आज मी निवांत असतो. पण घरात हातोडा धरता येणारा तो एकटाच आहे, म्हणून त्याला देतो.

कलम ५. प्रेमलाविषयी. गाडी का घेतली हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून लिहितो. वसाहतीजवळ आणि पुढे चिपळूणला प्रेमलाने मोटार शिकवण्याची शाळा चालवली. त्या भागातील निम्मी माणसे तिच्या हाताखाली क्लच सोडायला शिकली. पण शिकवणारा बसतो डावीकडे. त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच असतो. तिने सारा जन्म त्या डाव्या जागेवर काढला. शिकाऊ माणूस इकडेतिकडे गेला की ती ब्रेक दाबायची. पुढे "एल" लिहिलेले, वेग सायकलचा, आणि फेरी बाजारपुलापर्यंत जाऊन परत. तिला स्वतःला लांब गाडी नेता आली नाही. शाळा बंद झाली तेव्हा तिचा डावा गुडघा पार कामातून गेला होता. उजवाही आता कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, यंदाचा हिवाळा गाडी चालवा, पुढच्याचे सांगता येत नाही. म्हणून तिने क्लच नसलेली, लांब पल्ल्याची गाडी हवी असे ठरवले आणि शाळेच्या दोन्ही गाड्या विकल्या.

कलम ६. गाडी. सदर गाडी जर्मन बनावटीची, गडद निळी, दोन दारांची, लांब नाकाची आणि जमिनीला टेकेल इतकी बसकी आहे. मागच्या आसनावर तांदळाची पिशवी बसते, माणूस बसत नाही. ती कोल्हापूरच्या विनीत नावाच्या एजंटकडून घेतली. त्याने तिला "ग्रँड टूरर" म्हटले, म्हणजे दिवसभर बसले तरी माणूस दमत नाही अशी गाडी. मी बसल्या बसल्या दमलो.

विनीत सगळे मलाच सांगत होता. "काका, पिकअप बघा. काका, आवाज ऐका." मी माझ्या परीने आवाज ऐकत होतो. प्रेमलाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "गाडी गरम आहे. तुम्ही आधीच चालू करून ठेवलीत. गार होऊ दे, आम्ही जेवून येतो." आम्ही तांबडा रस्सा जेवून परत आलो, तेव्हा तिने गार इंजिन चालू करायला लावले, मागे जाऊन धूर बघितला, टायरवरचे वर्ष वाचले आणि चावी मागितली. विनीतने चावी माझ्या हातात दिली. कागदही त्याने न विचारता माझ्या नावाने केले. प्रेमला तेव्हा हसली आणि म्हणाली, "असू दे वो, तुमच्या नावावर काय तरी एक वेगवान असू दे." म्हणून कायद्याने ती गाडी माझी आहे आणि प्रेमलाची गाडी प्रेमलाला देण्यासाठी मला मरावे लागणार आहे. तेव्हा सदर गाडी माझ्या पश्चात प्रेमला हिला मिळावी. विनीतला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. त्याने मागितलेले नाही, तरी लिहून ठेवतो.

कोल्हापूरहून गाडी आणली तेव्हा आंबा घाट उतरताना मी डावीकडे बसलो होतो. प्रत्येक वळणावर मी पायाखालची चटई दाबत होतो. घरी आल्यावर पोटरीत गोळा आला. दुसऱ्या दिवशी प्रेमलाने माळ्यावरून तिच्या शाळेच्या गाडीचा डावीकडचा सुटा ब्रेक काढला, लाकडी फळीवर ठोकला आणि माझ्या पायाशी ठेवला. "कशाला जोडलेला नाय, पण दाबायला व्हईल," असे म्हणाली. हा ब्रेक प्रवासात माझ्या पायाखाली असावा. नंतर तो तेजलकडे जावा. तिचे यजमान गाडी जोरात चालवतात.

कलम ७. लाल पाटी. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला आठवण म्हणून एक नवी कोरी पाटी दिली होती, माझ्या नावाची. गाडी आणली त्या आठवड्यात मी सकाळी अंगणात गेलो, तर गाडीखाली ओले डबके. या गाडीला स्टेपनी नाही. सुटा भाग मुंबईपलीकडून येतो. ती नागपूरच्या अलीकडे, ऊस नाही की माणूस नाही अशा ठिकाणी थांबली तर? प्रेमलाचे गुडघे, माझा रक्तदाब, आणि खाली तेल गळतेय. मी घरात आलो, पाटी काढली आणि गाडीच्या सुकाणूच्या चाकाला अडकवली. "माणसे कामावर आहेत. यंत्र सुरू करू नये. स. म. तांबे."

दमयंती आमच्या शेजारची. तिचा मासळीचा टेम्पो आहे आणि तो चालवायला तिला प्रेमलानेच शिकवले. तिने गाडीखाली हात घालून बोट चाटले. "काका, ह्या एसीचा पानी हाय," म्हणाली. मी मान डोलावली. पाटी मात्र काढली नाही. आधी टायर दाखवून घेऊ म्हणालो. मग विमा. मग प्रवासाच्या रस्त्याची चौकशी. मग डोळे. मग मृत्युपत्र. प्रत्येक कारण खरे होते.

मला वाटले प्रेमला चिडेल. ती चिडली असती तर बरे झाले असते, मी भांडून हरलो असतो. तिने पाटी वाचली आणि चावी खुंटीला लावली. तेव्हापासून गाडी अंगणात उभी आहे. संध्याकाळी ती फडक्याने काच पुसते आणि उजवीकडच्या आसनावर दार उघडे टाकून थोडा वेळ बसते. चाकाला हात लावत नाही, कारण चाकावर पाटी आहे. एकदाही इंजिन चालू केले नाही, त्यामुळे बॅटरी बसली. दमयंतीने टेम्पोवरून तार टाकून चालू करू का विचारले, तर प्रेमला म्हणाली, "पाटी हाय ना." मी खिडकीतून ऐकले. मला त्या वेळी फार लाज वाटली. तरी पाटी काढायला गेलो नाही, कारण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

कलम ८. गावचा जमिनीचा हिस्सा. वरकस जमीन आहे, नाचणीही नीट येत नाही. ती महेंद्रला द्यावी. बांधावरून कोणाशी भांडू नये. तो बांध माझ्या आजोबांपासून आपला आपण चालतो आहे.

कलम ९. जुनी येणी. पोफळीला शेजारी राहणारे रामा मोरे यांनी कंदील लावायला म्हणून माझी ॲल्युमिनियमची शिडी नेली. ती शिडी मी त्यांना दिली असे समजावे. परंतु त्यांनी ती मागून नेली होती, हे तेजलने ध्यानात ठेवावे. माझी लांब दांड्याची छत्री मी दमयंतीला देणार होतो. पण साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे वेदिकाताई म्हणाल्या. म्हणून छत्री आधीच तिच्या हातात दिली. पाऊस पडेल असा आभाळाचा रंग नसताना मी छत्री का देतो आहे, हे तिला कळले नाही.

कलम १०. दोघांच्या एकत्र मृत्यूविषयी. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी वेदिकाताईंनी विचारले, "काका, दोघे एकाच गाडीत आहात. कोण आधी गेलं हे कळलं नाही, तर?" हा प्रश्न मला सुचला नव्हता, याचेच मला आश्चर्य वाटले. पुढचे पंधरा दिवस दुसरे काही सुचले नाही. प्रेमलाला सांगितले, तर ती भाजी चिरत म्हणाली, "मी आधी जायची नाय. गाडी माझ्या हातात आसल, ती बाजूला लावल्याशिवाय मी मरनार कशी?" तरीही असे झाल्यास सर्व मिळकत तेजलला मिळावी आणि तिनेच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. वाटेत जिथे मरण येईल तिथेच अंत्यविधी करावा. रत्नागिरीला आणण्याची दगदग नको. त्रिशरण, पंचशील म्हणावे, भाषणे करू नयेत. रक्षा चिपळूणला वाशिष्ठी नदीत सोडावी. वीजघरातून सुटलेले पाणी त्याच नदीला जाते. जन्मभर मी ते सोडले, एकदा त्याच्याबरोबर जायला हरकत नाही.

येथवर मसुदा टंकलेला आहे. पुढील मजकूर मी आज, सही करण्यापूर्वी, माझ्या हाताने लिहीत आहे. वेदिकाताईंची त्यास हरकत नाही, फक्त अक्षर मोठे काढा म्हणाल्या.

कलम ११. आज सकाळी आमच्या ओटीवर वेदिकाताईंनी मसुदा वाचून दाखवला. डॉ. स्वरूप आणि दमयंती साक्षीसाठी आले होते. प्रेमला चहा देत होती. कलम दहा वाचून झाले तेव्हा ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

"गाडी मला दिलात," ती म्हणाली. "पाटी कोणाला दिलात?"

वेदिकाताईंना कळले नाही. मी त्यांना कलम एकमधली वीजघराची रीत पुन्हा दाखवली. त्यांनी सगळ्या कलमांत शोधले, पण पाटी कोणालाही दिलेली नव्हती.

"लावनाऱ्यानंच काढायची," प्रेमला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमी गेलात तर गाडी माझी, नि पाटी तुमची. मग मी ती कशी काढू? तुमची भीती मला समजते वो. तुमी वाटेत मराल, मी मरन, हे सगळं तुमी लिवलात. तुमी हितंच, घरात, खुर्चीत गेलात तर काय, ता नाय लिवलात."

मी काटे बघणारा माणूस आहे. जे काही बिघडू शकते त्याचा विचार मी करून ठेवतो. हा विचार मी केला नव्हता. गाडी अंगणात, बॅटरी बसलेली, दार उघडे, प्रेमला उजवीकडे बसलेली, आणि चाकावर माझे नाव. आणि ते काढायला कोणतीही जीप मला आणू शकत नाही. नागपूरच्या रस्त्यावर जे जे काही होईल म्हणून मी घाबरत होतो, त्या सगळ्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटली. दमयंती छत्री मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी माझी नाडी धरली, मी सोडवून घेतली.

तेव्हा मी लिहून ठेवतो की लाल पाटी मी कोणालाही देत नाही. ती वारसाहक्काने जाणारी वस्तू नाही.

भीती गेलेली नाही. स्टेपनी अजूनही नाही. पण तपासायचे तेवढे तपासून झाले, आणि यंत्राच्या आत अडकलेला माणूस एकच होता, तो मी. वरील शब्द लिहून मी अंगणात गेलो, साक्षीदारांसमोर चाकावरची पाटी माझ्या हाताने काढली आणि परत येऊन पुढचे लिहितो आहे. पाटी काढताना वीजघरात जे म्हणावे लागते, ते मी तिथे मोठ्याने म्हटले:

माझी माणसे बाहेर आली आहेत. माझी हत्यारे बाहेर आली आहेत. यंत्र ताब्यात घ्यावे.

ठिकाण: कुवारबाव, रत्नागिरी
दिनांक: ११ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार: सहदेव महिपत तांबे (सही)

आमच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:
१. डॉ. स्वरूप साळवी (सही). सही करतेवेळी रक्तदाब वरच होता, बुद्धी शाबूत होती.
२. दमयंती पावसकर (सही). तार टेम्पोत आहे, आता जोडते.

वीजघराच्या रीतीने पाटी काढल्यावर यंत्र ताब्यात घेणाऱ्या माणसाची सही लागते. ती पुढे घेतली आहे. सदर सही साक्षीदाराची नाही, तिच्यामुळे वारसाहक्कास बाध येत नाही, असे वकील वेदिका सुर्वे यांनी सांगितले आहे.

यंत्र ताब्यात घेतले. डावीकडे बसा.
प्रेमला सहदेव तांबे (सही)